अकरावीत आहे, मे महिन्यात एपी इंग्लिश लँग्वेज देणार. ६४ अलंकार पाठ केले, तरी निबंधाला ६ पैकी २ का?

रेशीमबाग_१७

नमस्कार. मी नागपूरची. सीबीएसई, अकरावी, पीसीबी. पर्यावरणशास्त्र शिकायला बाहेर जायचं मनात आहे, म्हणून यंदा मे महिन्यात एपी इंग्लिश लँग्वेज अँड कॉम्पोझिशन (अमेरिकेच्या कॉलेज बोर्डाची परीक्षा) द्यायचं ठरवलं. आमच्या शाळेत हा विषय नाही, त्यामुळे बाहेरून देऊन राहिली आहे. केंद्र मुंबईचं मिळालं. घरी बोलणं सगळं मराठीत. शाळेत इंग्रजीला पहिल्यापासून चांगले मार्क, म्हणून वाटलं होतं की हा पेपर सोपा जाईल.

तसं झालं नाही. बहुपर्यायी प्रश्न ठीक जातात, ४५ पैकी ३० च्या आसपास. घोडं अडतं ते निबंधांपाशी, त्यातही भाषणाचं नाहीतर लेखाचं विश्लेषण करायचं असतं तिथे. मावसभाऊ बंगळुरूला आहे, त्यानं ही परीक्षा दिली आहे. त्यानं माझे तीन निबंध तपासले आणि तिन्हींना ६ पैकी २ दिले. मी वहीत ६४ अलंकार उतरवून पाठ केले आहेत, व्याख्या आणि उदाहरणासकट. माझा एक परिच्छेद मराठीत सांगायचा तर असा होता: "वक्ता पुनरावृत्ती वापरतो, त्यामुळे त्याचं म्हणणं ठसतं. पुढे तो विरोध वापरतो, त्यामुळे श्रोत्यांचं लक्ष वेधलं जातं. शेवटी तो प्रश्न विचारतो, त्यामुळे श्रोते विचार करू लागतात." यात चूक कुठे आहे तेच कळत नाही. अजून अलंकार पाठ करू का?

दुसरी अडचण म्हणजे मत मांडायचा निबंध. त्यात उतारा काहीच नसतो, उदाहरणं आपल्याच डोक्यातून आणायची. माझ्याकडे एडिसन आणि गांधीजी सोडून काही सुचत नाही.

तिसरी वेळेची. तिसरा निबंध दर वेळी अर्धाच राहतो.

त्रिमूर्तीनगरचे_बाबा

मुलीनं मागच्या वर्षी दिली, म्हणून तेवढंच सांगतो. २०२५ पासून हा पेपर लॅपटॉपवर ब्लूबुक ॲपमध्ये होतो, निबंधही टाइप करायचे. आमची मुलगी वहीत सराव करायची. शेवटच्या महिन्यात लक्षात आलं की ती टाइप करताना दर शब्दाला थांबते. आजपासूनच सगळे निबंध टाइप कर. ॲपमधला नमुना पेपर एकदा उघडून बघ, उताऱ्यावर खूण कशी करायची ते हाताला माहीत पाहिजे. बाकी इंग्रजीचं जाणकार सांगतील.

खामल्याची_मास्तरीण

बेटा, तुझा परिच्छेद मी तीनदा वाचला. अजून अलंकार पाठ करू नकोस. ती वही महिनाभर कपाटात ठेव.

मी ३१ वर्षं ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. बारावीच्या बोर्डात कवितेचं रसग्रहण असतं, त्यात अलंकार ओळखून लिहिला की मार्क मिळतो. मीही वर्षानुवर्षं पोरांना तेच करायला लावलं. अधोरेखित करा, नाव लिहा, पुढे चला. निवृत्तीनंतर शेजारची एक मुलगी ही अमेरिकेची परीक्षा द्यायला निघाली आणि तिच्यासाठी मी पहिल्यांदा त्यांची गुण देण्याची रीत नीट वाचली. त्या दिवशी मला मनापासून वाईट वाटलं. माझ्या किती हुशार पोरांना मी नावाशी थांबायला शिकवलं होतं! तेव्हापासून पाच मुलं माझ्याकडे या पेपरसाठी बसली. पाचही जण सुरुवातीला हुबेहूब तुझ्यासारखंच लिहायचे.

आधी तुझे दोन मार्क कुठून आले ते बघ. प्रत्येक निबंधाला ६ गुण. त्यातला १ स्वतःचं ठाम विधान केल्याचा. ४ पुराव्याचे आणि तो पुरावा उलगडून दाखवल्याचे. शेवटचा १ विचारातल्या खोलीचा. तुला विधानाचा १ मिळाला असणार आणि पुराव्याच्या ४ पैकी १. म्हणजे तुझी गळती एकाच जागी आहे, उलगडून दाखवण्यात. ती बुजवली की २ चे ४, कधी ५ होतात. तुझं इंग्रजी कच्चं नाही. "लक्ष वेधलं जातं" हे वाक्य जगातल्या कुठल्याही भाषणाला चिकटवता येतं, आणि जे कुठेही चिकटतं त्याला तपासणारा मार्क देत नाही.

आता हे नुसतं सांगून उपयोग नाही, करून दाखवते. रेशीमबागेतून दीक्षाभूमी काही लांब नाही, म्हणून बाबासाहेबांचंच भाषण घेऊ. २५ नोव्हेंबर १९४९, दिल्ली, संविधान सभा. दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकारलं जाणार होतं. मूळ भाषण इंग्रजीत आहे आणि संविधान सभेच्या कामकाजाच्या छापील नोंदीत सगळं मिळतं. मी माझ्या मुलांना पहिलं भाषण हेच देते.

शेवटाकडे तो प्रसिद्ध भाग येतो. ते म्हणतात, २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतींच्या जीवनात प्रवेश करणार आहोत. राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता असेल. राजकारणात एक माणूस एक मत आणि एक मत एक मूल्य हे तत्त्व मानू, आणि समाजात मात्र एक माणूस एक मूल्य हे तत्त्व नाकारत राहू. मग लागोपाठ दोन प्रश्न येतात, दोन्हींची सुरुवात एकच: हाऊ लाँग शॅल वी कंटिन्यू. हे विसंगतीचं जीवन आपण किती काळ जगत राहणार? सामाजिक आणि आर्थिक जीवनात समता किती काळ नाकारत राहणार?

तुझ्या पद्धतीनं यावर लिहिलं तर "विरोध वापरला, पुनरावृत्ती वापरली, प्रश्न वापरले" असं होईल. तीन नावं, तिन्ही बरोबर, मार्क १.

आता सावकाश बघ. समोर बसलंय कोण? जे सभासद जवळपास तीन वर्षं हे काम करत आले ते. भाषणाच्या सुरुवातीलाच बाबासाहेब तो काळ मोजून सांगतात: दोन वर्षं, अकरा महिने, सतरा दिवस. काम संपल्याचं समाधान त्या सभागृहात असणारच. त्या माणसांना हे सांगायचं आहे की काम संपलेलं नाही. ही झाली अडचण. बोलणाऱ्याची अडचण सापडली की त्यानं प्रत्येक शब्द तिथे का ठेवला ते दिसायला लागतं.

तो "वी" घे. आपण. "आपण समता किती काळ नाकारत राहणार?" बेटा, हे वाक्य कोण बोलतंय? ज्यानं स्वतः आयुष्यभर ती नाकारलेली समता सोसली तो माणूस. त्यांना "तुम्ही" म्हणायचा पूर्ण हक्क होता. तरी ते नाकारणाऱ्यांच्या रांगेत स्वतः उभे राहतात. "तुम्ही" म्हटलं असतं तर ऐकणारा लगेच बचावाला उभा राहिला असता. "आपण" म्हटल्यावर बचाव कुणापासून करणार? एका सर्वनामावर मी तुला इतकं लिहून दाखवलं, आणि यात एकाही अलंकाराचं नाव नाही.

तारीख घे. "येणाऱ्या काळात" असं ते म्हणत नाहीत, "२६ जानेवारी १९५०" म्हणतात. त्या दिवसापासून जेमतेम दोन महिन्यांवर. जी तारीख सगळ्यांनी सणासारखी मनात धरली होती, तिलाच ते विसंगतीच्या सुरुवातीचा दिवस म्हणतात. तुझ्या वहीतल्या ६४ मध्ये याला नाव नसेल. पण त्यांनी ते विचार करून निवडलं आहे, आणि परीक्षेत विचारतात ते हेच: लेखकानं काय निवडलं आणि त्यानं काय साधलं.

आणि मग त्या भागाचा शेवट. ही विसंगती लवकरात लवकर दूर केली नाही तर विषमतेनं पोळलेले लोक राजकीय लोकशाहीचा डोलारा उडवून देतील, जो या सभेनं इतक्या कष्टानं उभारला आहे. इंग्रजीत शब्द आहे लेबोरिअसली. सुरुवातीला मोजलेले ते सतरा दिवस इथे परत आले बघ. आधी कष्टांची कदर केली आणि आता तेच कष्ट पणाला लावून दाखवले. "दुसऱ्यांवर दया करा" असं कुठेच नाही. तुमचंच काम वाचवा, असं आहे. भाषणाच्या दोन टोकांना जोडणारा हा धागा ज्याला दिसला त्याला पुराव्याचे ४ पैकी ४ मिळायला हरकत नाही.

म्हणून परिच्छेद लिहिताना माझ्या पोरांना मी एकच सवय लावते. "त्यामुळे" लिहिलं की पेन खाली ठेवायचं आणि विचारायचं, हे वाक्य दुसऱ्या कुठल्या भाषणाखाली चालेल का? चालत असेल तर खोडायचं. माझ्याकडे एक मुलगा होता, पहिल्या आठवड्यात त्यानं स्वतःच्या एका पानावरची अकरा वाक्यं खोडली. उरली दोन. त्या दोनांपासून नवीन निबंध सुरू केला.

अलंकारांची नावं अजिबात नकोत असं म्हणत नाही. बहुपर्यायी प्रश्नांत कधी उपयोग होतो. पण सात-आठ पक्की असली तरी भागतं.

आता मत मांडायचा निबंध. एडिसन आणि गांधीजी हे काही वाईट उदाहरण नाही. पण तुला त्यांच्याबद्दल जे माहीत आहे तेच तपासणाऱ्यालाही माहीत आहे, आणि त्यापलीकडे तुझ्याकडे काही नाही. तुझ्या घरातलं, गावातलं, हातानं केलेलं असं काय आहे ते शोध. ते परदेशी माणसाला कळणार नाही ही भीती सोड. तीन वाक्यांत समजावलं की कुणालाही कळतं.

एक गोष्ट सांगते. अडचणीतून माणूस घडतो का, अशा धर्तीचा सराव-विषय मी एका मुलीला दिला होता. तिनं आधी ठरावीक थोर माणसं आणली आणि "संकटं माणसाला मजबूत करतात" असं लिहून मोकळी झाली. आजोबांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे हे मला माहीत होतं. मी म्हटलं, आजोबा बागेला ताण देतात ना? त्याबद्दल लिही. तिनं त्याच संध्याकाळी आजोबांना फोन केला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. संत्र्याला आपोआप एकदम बहर येत नाही. आंबिया बहर, म्हणजे थंडी सरताना येणारा, धरायचा असेल तर थंडीत बागेचं पाणी तोडतात, त्यालाच ताण म्हणतात. झाड पाण्यावाचून राहतं, पानं मलूल होतात, काही गळतात. मग पाणी सोडलं की फूल फुटतं. आजोबांनी तिला सांगितलं, हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, काळ्या भारी जमिनीत जास्त दिवस लागतात. म्हणून रोज बागेत जाऊन पान बघावं लागतं. आणि एक दिवस उशीर केला तरी चालेल असं म्हणत जो बसतो, त्याच्या फांद्या वाळतात.

त्या फोननंतर तिचं मतच बदललं. तिनं लिहिलं की अडचण माणसाला घडवते, पण जेव्हा कुणीतरी रोज पान बघत असतं आणि पाणी कधी सोडायचं ते जाणतं तेव्हाच. ज्या दुष्काळाला कुणी बघणारं नाही, तो झाड घडवत नाही, मारतो. मग तिनं हेच शाळेतल्या कडक शिस्तीला लावलं, शेवटी शेतकऱ्याच्या कर्जालाही लावलं. "हो" आणि "नाही" यांच्या मधलं उत्तर तिला सापडलं, आणि ते पुस्तकातून आलेलं नव्हतं. खोलीचा तो सहावा गुण असाच मिळतो. मोठे शब्द वापरून मिळत नाही.

तू पर्यावरण शिकणार म्हणतेस. नाग नदी, गोरेवाडा, उन्हाळ्यातला तुमच्या गच्चीवरचा कुलर आणि त्याला रोज लागणारं पाणी, यातलं तुला काय जवळून माहीत आहे? दहा गोष्टी लिहून काढ. प्रत्येकीखाली दोन ओळी, यातून काय प्रश्न पडतो त्याच्या. परीक्षेला जाताना एवढी शिदोरी पुष्कळ झाली.

वेळेचं दुसरं कुणी सांगेल, माझा हात दुखून राहिला आता.

मेडिकल_चौक_ते_मिशिगन

मॅडमनी जे सांगितलं ते मला दोन वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं. मी वेळेचं आणि संदर्भांच्या निबंधाचं सांगतो, कारण माझी गाडी तिथेच फसली होती.

निबंधांना एकूण २ तास १५ मिनिटं. त्यातली पहिली १५ वाचायची, मग प्रत्येकी ४० धर. तिसरा अर्धा राहतो म्हणजे पहिल्याला तू ५५ देऊन राहिली असशील. मी पण तेच करत होतो, पहिला निबंध सुंदर आणि तिसऱ्याच्या पाच ओळी. हिशोब कर: ६, ४ आणि १ यापेक्षा ४, ४ आणि ४ जास्त होतात. चाळीस मिनिटं झाली की वाक्य पूर्ण करून पुढे जायचं. क्रम तुझ्या हातात आहे, तुला जो जमतो तो आधी लिही. आणि बहुपर्यायीत एकही रिकामा सोडू नको, चुकल्याचे मार्क कापत नाहीत. ६० मिनिटांत ४५ आहेत. त्यात जवळपास निम्मे प्रश्न दुसऱ्याचा कच्चा मसुदा सुधारण्याचे असतात, म्हणजे हे वाक्य इथे ठेवावं की पुढे, हा पुरावा या विधानाला पुरतो का असे. ते आधी सोडवले तर माझा वेळ वाचायचा.

संदर्भांच्या निबंधात सहा उतारे देतात, त्यात एखादा तक्ता किंवा चित्र पण असतं. कमीत कमी तीन वापरायचे. मी आधी एका उताऱ्याला एक परिच्छेद द्यायचो: अमुक असं म्हणतो, तमुक तसं म्हणतो. तो गोषवारा झाला, माझं मत कुठे? मग मी सराव बदलला. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा आमच्या मामाच्या घरात गुडघाभर होतं. मी त्या दिवसांतल्या सहा गोष्टी जमवल्या: पावसाच्या आकड्यांचा तक्ता, एक फोटो, दोन बातम्या, एका इंजिनिअरचा लेख, आणि मामीनं सांगितलेलं मीच लिहून काढलेलं अर्धं पान. मग एकच प्रश्न ठेवला, तलावाकाठी घरं बांधू द्यावी का? आधी माझं उत्तर एका ओळीत लिहिलं, मगच कागद उघडले. इंजिनिअरचा लेख मामीच्या म्हणण्याला कुठे छेद देतो आणि तक्ता कुणाच्या बाजूनं आहे, हे एकाच परिच्छेदात आणायचं. तीन वेळा केलं तेव्हा जमलं.

जुने निबंधाचे प्रश्न, विद्यार्थ्यांची खरी उत्तरं आणि त्यांना किती गुण का दिले हे कॉलेज बोर्डाच्या साइटवर फुकट आहे. क्लासला पैसे देण्याआधी ते वाच. ४ मिळालेलं उत्तर आणि ६ मिळालेलं उत्तर शेजारी ठेवून वाच. मला त्यातून जास्त शिकायला मिळालं.

रेशीमबाग_१७

मॅडम, दादा, काका, सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री ते भाषण शोधून पूर्ण वाचलं, शब्दकोश घेऊन दोन तास लागले. आईसुद्धा बाजूला बसून ऐकत होती.

मी एक परिच्छेद नव्यानं केला. इंग्रजीत टाइप केला आहे, इथे मराठीत सांगते. भाषणात ते म्हणतात की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात भक्ती किंवा व्यक्तिपूजा ही अधोगतीची आणि शेवटी हुकूमशाहीची हमखास वाट आहे. मी लिहिलं: "ते भक्तीला वाईट म्हणत नाहीत. आधी तिला धर्मात जागा देतात. सभेत श्रद्धाळू लोक बसलेले आहेत, त्यांची श्रद्धा आधी सुरक्षित ठेवतात आणि मगच सांगतात की ती राजकारणात आणू नका. मार्ग हा शब्द ते दोन्हीकडे वापरतात, त्यामुळे एकच पाऊल दोन वेगळ्या ठिकाणी नेतं हे कळतं. त्यामुळे श्रोत्यांवर परिणाम होतो."

शेवटचं वाक्य खोडायचं ना?

खामल्याची_मास्तरीण

खोड.

आणि "मार्ग"बद्दल जे लिहिलंस ते मला एवढ्या वर्षांत दिसलं नव्हतं. इंग्रजीत तो शब्द दोन्हीकडे रोड असाच आहे का ते मी आत्ता मूळ काढून पाहिलं. आहे. एकीकडे मुक्तीकडे जाणारा रोड, दुसरीकडे अधोगतीकडे जाणारा. तुझ्या निबंधात तो इंग्रजी शब्द अवतरणात दे, नुसता अर्थ सांगू नकोस. पुरावा म्हणजे त्यांचा शब्द.

पुढचा परिच्छेद रविवारपर्यंत इथेच टाक. घड्याळ लावून, चाळीस मिनिटांत.